‘पासन’ म्हणजे नक्की काय? होणं, मावणं, जुळणं आणि जमणं

तुमच्या प्रश्नात खरं तर चार प्रश्न आहेत, आधी ते सुटे करते. एक, ‘पासन’ या जर्मन क्रियापदाचे शब्दकोशात दहा अर्थ दिलेत, त्यातला खरा कुठला? दोन, ‘मला सोमवार चालेल’ म्हणताना ‘इष’ म्हणजे ‘मी’ न येता ‘मीअर’ म्हणजे ‘मला’ का येतं? तीन, ‘आइग्नन’, ‘टाउगन’, ‘श्टेएन’ ही क्रियापदंही ‘योग्य असणं’च सांगतात, मग फरक काय? आणि चार, जर्मनीतल्या न्युर्नबेर्गच्या रुग्णालयाशी नर्सच्या नोकरीसाठी तुमची व्हिडिओवर मुलाखत झाली तेव्हा तिथल्या वॉर्डप्रमुख बाई शेवटी नुसतं ‘पास्ट शोन’ म्हणाल्या, ते कौतुक होतं की बोळवण? चौथ्याचं उत्तर शेवटी देते. बाकीचं कळल्याशिवाय ते पटणार नाही.

मी पुण्यात वीसेक वर्षं जर्मन शिकवते आहे आणि मधूनमधून चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत दुभाषाचं काम करते. खाली जर्मन वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत. ‘डास’ वाचून हसू नका, तो जर्मनमधला नपुंसकलिंगी ‘ते’ आहे. ‘निष्ट’मधला ष आपल्यापेक्षा पुढे, जीभ टाळूजवळ नेऊन हवा घासत सोडायची.

माझ्या वर्गात जवळजवळ प्रत्येक जण जर्मनला इंग्लंडमार्गे जातो. ‘पासन’ म्हणजे फिट होणं किंवा सूट होणं, असं वहीत लिहायचं आणि मग त्या इंग्रजी शब्दाचं मराठी शोधायचं. इथेच घोटाळा होतो. मराठीत आपण काय म्हणतो बघा: हा ड्रेस मला होतो. सोमवार मला चालेल. त्याचं बोलणं मला पटत नाही. तिन्ही वाक्यांत कर्ता कोण? ड्रेस, सोमवार, बोलणं. माणूस बिचारा ‘ला’ लावून बाजूला उभा. जर्मनची बांधणी हुबेहूब हीच आहे. ‘डास क्लाइट पास्ट मीअर’, ड्रेस मला होतो. ‘मोंटाग पास्ट मीअर’, सोमवार मला चालतो. ‘मीअर’ हे आपलं ‘मला’, ‘डीअर’ म्हणजे ‘तुला’, ‘ईनन’ म्हणजे आदरार्थी ‘तुम्हाला’. मराठी माणसाला हे फुकटात मिळालेलं असताना तो इंग्रजीतल्या ‘मी ठीक आहे सोमवारी’ छापाच्या वाक्यावरून ‘इष पासं’ म्हणून मोकळा होतो. आणि ‘इष पासं’ला जर्मनमध्ये अर्थ आहे! पत्ते खेळताना ‘माझा पास’ म्हणायचं असेल तर ते म्हणतात. कुणी तुम्हाला सोमवारबद्दल विचारलं आणि तुम्ही ‘इष पासं’ म्हणालात, तर समोरच्याला वाटेल तुम्ही डावातून उठलात. याच अर्थाचं एक वाक्य मात्र पाठ करून ठेवा: ‘डा मुस इष पासन’. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तेव्हा हे म्हणायचं, आपण अंताक्षरीत ‘पास’ म्हणतो तसं. मुलाखतीत गप्प बसण्यापेक्षा कितीतरी बरं.

एक खड्डा खास आपल्यासाठीचा. ‘पासन’चं विशेषण आहे ‘पासन्ट’, आणि ते कानाला थेट आपल्या ‘पसंत’सारखं लागतं. त्यामुळे ‘डास पास्ट मीअर’ म्हणजे ‘मला हे पसंत आहे’ असं वाटून जातं, आणि निम्म्या वेळा अर्थ जुळतोही, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण पसंत फारसीतून आलेला, पासन फ्रेंचमधून. दोघांचा काही संबंध नाही. मुलगी पसंत आहे हे सांगायला ‘पासन’ वापरलंत तर तुम्ही फक्त ती मापात बसते असं सांगितलंत! नातं आहे ते आपल्या बसच्या पासशी, परीक्षेत पास होण्याशी आणि पासपोर्टशी. हे सगळे फ्रेंच ‘पासे’चे वंशज. त्याचा अर्थ जाणे, पार होणे. डच आणि उत्तर जर्मनीच्या बोलींतून तो शब्द जर्मनमध्ये आला आणि ‘नेमक्या ठिकाणी पोचणे’वरून ‘नेमकं बसणे’वर स्थिरावला.

ही व्युत्पत्ती विद्वत्ता दाखवायला सांगत नाही, तिचा रोजच्या व्याकरणात उपयोग आहे. ‘कपडे बॅगेत मावत नाहीत’ हे जर्मनमध्ये ‘पासन’नेच सांगतात. आता मराठीत ‘बॅगेत’ ही सप्तमी, म्हणजे कपडे आत आहेत, जागेवर आहेत. म्हणून विद्यार्थी हमखास ‘इन डेम कोफर’ लिहितो. चूक. ‘डी क्लाइडर पासन निष्ट इन डेन कोफर’, इथे द्वितीया हवी, म्हणजे जर्मनचा अकुझाटिव. कारण जर्मन माणसाच्या डोक्यात कपडे अजून बाहेर आहेत आणि आत जायला बघताहेत. सोफा दारातून जातो का, ‘पास्ट डास झोफा डुर्ष डी ट्यूर’? झाकण टोपावर बसतं का, ‘पास्ट डेअर डेकल आउफ डेन टोप्फ’? सगळीकडे हालचाल, सगळीकडे अकुझाटिव. मघाशी मराठीनं हात दिला, इथे ती पायात पाय घालते.

आता चाकणची गोष्ट, कारण मला स्वतःला ‘पासन’ कळलं ते तिथे, पुस्तकात नाही. जर्मनीहून आलेला एक इंजिनिअर, लेथवरचा आपला ऑपरेटर आणि मध्ये मी. बुशचं बोअर, म्हणजे धातूच्या नळीचं आतलं भोक, २५ मिलिमीटरचं, ड्रॉइंगवर एच ७ लिहिलेलं. त्यात जाणारा शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, २५ जी ६. म्हणजे बोअर २५.००० ते २५.०२१ मध्ये हवं आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ मध्ये. ऑपरेटरनं शाफ्टला तेलाचा हात लावला, अंगठ्यानं हलकेच ढकलला, शाफ्ट सुर्रकन आत गेला. ‘बसला’, तो म्हणाला. इंजिनिअरनं तो बाहेर काढून पुसला, मायक्रोमीटर लावला, २४.९७ वाचलं आणि म्हणाला, ‘पास्ट निष्ट.’ मी तत्परतेनं भाषांतर केलं, ‘बसत नाही म्हणतात.’ ऑपरेटरनं माझ्याकडे बघितलं, शाफ्ट उचलला, सगळ्यांसमोर परत आत घातला आणि म्हणाला, ‘मॅडम, बसतोय की!’

तो बरोबर होता आणि इंजिनिअरही बरोबर होता, चुकले मी. शाफ्ट आत जात होता, पण शतांशाच्या हिशोबात ढिला होता. जर्मन कारखान्यात ‘पासुंग’ म्हणजे दोन भागांमधलं ठरवून दिलेलं नातं, ज्याला आपल्याकडे शॉपफ्लोअरवर नुसतं ‘फिट’ म्हणतात. सरकतं हवं तर श्पीलपासुंग, ठोकून बसवायचं तर प्रेसपासुंग. ठरलं होतं त्यापेक्षा ढिलं असेल, तर आत गेलं तरी ते ‘पास्ट निष्ट’. मी म्हणायला हवं होतं, ‘मापात नाही, ढिला आहे.’ तेव्हापासून वर्गात ‘पासन’ शिकवताना मी आधी ‘आत जाणं’ नव्हे, तर ‘असायला हवं तसं असणं’ हा अर्थ सांगते. सैल झालेली पँट कमरेवरून घसरते, तीही ‘पास्ट निष्ट’. घट्ट होऊन बटण लागत नाही, तीही ‘पास्ट निष्ट’. बंदगळ्याच्या सूटसारखं अगदी अंगावर बेतलेलं असेल तर ‘पास्ट वी आनगगोसन’, ओतल्यासारखं बसलंय.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. ट्रायल रूममधून बाहेर आलात आणि मैत्रिणीला विचारायचंय, कसा दिसतो? तिथे ‘पासन’ चालणार नाही. ‘श्टेट मीअर डास?’ असं विचारा. ‘श्टेएन’ म्हणजे एरवी उभं राहणं, पण कपडा-चष्मा-रंग यांच्यासोबत ‘मीअर’ आलं की अर्थ शोभणं, खुलणं. ड्रेस मला होतो, ‘पास्ट मीअर’. ड्रेस मला शोभतो, ‘श्टेट मीअर’. दोन्हींत माणसाला तीच ‘ला’वाली विभक्ती. जर्मन मैत्रीण तुमच्याकडे बघून जरा थांबली आणि ‘यो, पास्ट’ म्हणाली, तर समजायचं ते समजा. माप बरोबर आहे एवढंच ती म्हणते आहे.

तिसरी बांधणी ‘पासन त्सू’. दोन वस्तू एकमेकींना साजेशा आहेत का, हे सांगताना. आपण म्हणतो या साडीवर हा ब्लाउज जात नाही, जर्मन म्हणतात ‘डी ब्लूझं पास्ट निष्ट त्सुम रोक’, ब्लाउज स्कर्टला जुळत नाही. ‘त्सू’पुढे नेहमी डाटिव, म्हणजे चतुर्थी, त्यात विचार करायचा नाही. ‘डेअर शाल पास्ट त्सुम मांटल’ या वाक्यातली शाल आपलीच, फारसीतून इंग्रजीमार्गे तिकडे गेली आणि थंडीत तिचा मफलर झाला. माणसांबद्दलही हीच बांधणी: ‘झी पासन गुट त्सुझामन’, जोडा शोभतो. ‘डास पास्ट निष्ट त्सू डीअर’चं शब्दशः मराठी ‘हे तुला शोभत नाही’ असं होतं, पण सूर वेगळा आहे. आपल्या वाक्यात फटकारा असतो, जर्मन वाक्यात बऱ्याचदा फक्त आश्चर्य: हे तुझ्यासारखं वाटत नाही, तू एरवी असं करत नाहीस. फटकारायचंच असेल तर ‘डास गह्योर्ट झिष निष्ट’ आहे. आजीच्या तोंडचं ‘बरं दिसत नाही ते’.

आणि आता नोकरीचं. अर्जात आपली मुलं लिहितात, ‘इष पासं फ्यूर डीझं श्टेलं’. या पदासाठी मी योग्य आहे, असं म्हणायचं असतं, पण वाक्य लंगडं आहे. अंगच्या गुणांमुळे, शिक्षणामुळे, बनावटीमुळे एखाद्या कामाला लायक असणं यासाठी ‘झिष आइग्नन’ आहे. ‘इष आइग्नं मिष फ्यूर डीझं श्टेलं’ म्हणा, किंवा थोडं नम्रपणे ‘इष बिन फ्यूर डीझं श्टेलं गुट गआइग्नट’. लक्षात घ्या, इथे ‘मिष’ म्हणजे द्वितीयेतलं ‘मला’ येतं, ‘मीअर’ नाही. स्वतःला लायक ठरवणारं हे क्रियापद, त्यामुळे विभक्ती बदलली. मुलाखतीत मात्र तुम्हाला ‘वारुम पासन झी त्सू उन्स?’ असंही विचारतील, म्हणजे आमच्याशी तुमचं कसं जुळेल. नर्सिंगची पदवी, आयसीयूचा अनुभव हे ‘आइग्नन’चं उत्तर झालं. रात्रपाळीला कुरकुर न करणं, टीममध्ये मिसळणं हे ‘पासन’चं. दोन प्रश्नांना एकच पाठ केलेलं उत्तर दिलं की मुलाखत घेणाऱ्याला ते कळतं.

वस्तूंच्या लेबलावर तर ‘गआइग्नट’ सतत दिसेल. ३६ महिन्यांखालच्या मुलांसाठी योग्य नाही, असं खेळण्यावर लिहिलेलं असतं तिथे हाच शब्द. डबा मायक्रोवेव्हमध्ये चालतो का, हे सांगायलाही हाच.

‘टाउगन’ला फार वेळ देत नाही. ते बहुधा नकारातच भेटतं: ‘डास टाउक्ट निष्ट्स’, काही कामाचं नाही, कुचकामी. उनाड माणसाला ‘टाउगनिष्ट्स’ म्हणतात, याच क्रियापदातून. माणसाच्या तोंडावर वापरू नका. ऑस्ट्रियात गेलात तर गंमत, तिथे ‘डेस टाउक्ट मा’ म्हणजे मला फार आवडतं.

वेळ ठरवताना ‘पासन’ रोज लागेल आणि इथेच तुमची भाषा उद्धट वाटायचा धोका सगळ्यात जास्त. विद्यार्थी ईमेलमध्ये सरळ लिहितात, ‘डेअर टेर्मीन पास्ट मीअर निष्ट’. व्याकरण चोख. पण नुसतं ‘डास पास्ट मीअर निष्ट’ हे जर्मनमध्ये ‘मला हे मान्य नाही, मला हे खपणार नाही’ असंही असतं, आणि कोरड्या ईमेलमध्ये तोच सूर ऐकू येतो. आपण ‘जमणार नाही’ आणि ‘चालणार नाही’ यांत जो फरक करतो तो तिथे शब्दानं होत नाही, आजूबाजूच्या मऊपणानं होतो. असं लिहा: ‘लाइडर पास्ट मीअर डेअर टेर्मीन आम डीन्सटाग निष्ट. व्युर्डं ईनन डोनर्सटाग पासन?’ दुर्दैवानं मंगळवार जमत नाहीये, तुम्हाला गुरुवार चालेल का? नकार ‘मीअर’मध्ये, पण शेवट ‘ईनन’वर, समोरच्याच्या सोयीवर. घरमालकापासून परदेशी नागरिकांच्या कार्यालयापर्यंत सगळीकडे चालतं.

याच क्रियापदाचं खवचट रूपही ऐकाल. ‘डास क्योन्टं डीअर झो पासन!’ म्हणजे हो ना, सोयीस्कर झालं असतं तुला! शिफ्ट बदलून मागितलीत आणि सहकाऱ्यानं हे म्हटलं, तर ते ‘हो’ नाही.

दुकानात ‘हाबन झी एस पासन्ट?’ असं कॅशियर विचारते. १ युरो ८५ सेंटच्या ब्रेडसाठी तुम्ही ५० ची नोट पुढे केलीत की हमखास. आपल्या ‘सुट्टे आहेत का’पेक्षा हे किंचित वेगळं, कारण ती नेमके १.८५ मागते आहे. रेस्टॉरंटमध्ये उलट. बिल १८.४०, तुम्ही २० ची नोट देऊन ‘पास्ट झो’ किंवा ‘श्टिम्ट झो’ म्हणालात की वरचे १.६० टीप म्हणून सोडलेत असा अर्थ. उत्तरेकडे ‘श्टिम्ट झो’च जास्त. माझ्या एका विद्यार्थ्यानं ५० ची नोट देऊन, ‘ठीक आहे ना एवढे?’ अशा अर्थी आत्मविश्वासानं ‘पास्ट झो’ म्हटलं आणि वेटर आभार मानून निघून गेला.

पुढे उपसर्ग लागला की शब्द पळतो, पण नर्स म्हणून दोन तरी माहीत हवेत. ‘आउफपासन’ म्हणजे लक्ष देणं, सांभाळणं. ‘पासन झी आउफ!’ ऐकलं की जिथे आहात तिथे थांबा. आणि ‘फेअरपासन’. पुस्तकात याचा अर्थ चुकणं, हुकणं असा दिला असेल, गाडी चुकली वगैरे. पण बोलीत इंजेक्शन ‘फेअरपासन’ म्हणजे इंजेक्शन टोचणं! एखादा सहकारी अमुक रुग्णाला ‘श्प्रिट्सं फेअरपास्ट’ असं म्हणाला, तर डोस हुकला असं समजून दुसरा भरायला घेऊ नका. शंका आली तर विचारा आणि फाइल बघा.

म्हणींपैकी ‘टोपाला झाकण’वाली बिनधास्त वापरा, ‘आउफ येडन टोप्फ पास्ट आइन डेकल’, लग्न जमलं की तिकडेही हेच म्हणतात. ‘डोळ्यावर बुक्की बसावी तसं बसतं’ ही जपून. मुळात तिचा अर्थ अजिबात न जुळणं, पण उपरोधानं वापरून वापरून ‘अगदी चपखल’ असाही झालाय. परक्यानं वापरली तर कुठला अर्थ घ्यायचा हे कुणालाच कळत नाही.

हो, आणि तुमच्याकडे जुनी पुस्तकं असतील तर ‘पास्ट’चं स्पेलिंग वेगळं दिसेल, दोन एसच्या जागी तो ढेरपोट्या एसत्सेट, म्हणजे ß हे अक्षर. १९९६ च्या शुद्धलेखन सुधारणेनंतर ऱ्हस्व स्वरापुढे दोन एस लिहायचे असं ठरलं. स्वित्झर्लंडमध्ये ते अक्षर तसंही वापरत नाहीत.

आता तुमच्या वॉर्डप्रमुख बाई. ‘पास्ट शोन’ म्हणजे शब्दशः ‘जमतंय, ठीक आहे’. उत्तरेकडच्या हानोव्हरच्या बाईंनी म्हटलं असतं तर मीही म्हटलं असतं, दुसरीकडेही अर्ज टाका. पण न्युर्नबेर्ग फ्रांकनमध्ये, म्हणजे बव्हेरियाच्या उत्तर भागात येतं. तिथली बोली प आणि ट मऊ करून टाकते, त्यामुळे तुम्ही नीट ऐकलंत तर तो उच्चार ‘बस्सद शो’ असा असणार. फ्रांकनच्या माणसाला कौतुक करताना घशात काटा अडकल्यासारखं होतं, हे सगळ्या जर्मनीला माहीत आहे आणि त्यावर ते स्वतःही हसतात. तिथे जेवण उत्तम झालं तरी ‘बस्सद शो’, मुलगा पहिला आला तरी ‘बस्सद शो’. याच्या वर कौतुक नाही. आपल्याकडे एखादे आजोबा भाकरी खाऊन ‘बरी झालीय’ म्हणतात आणि दुसरी मागून घेतात, तसं. त्यांनी तुमच्याकडे पुढची कागदपत्रं मागितली आहेत का ते बघा. मागितली असतील, तर दुसरी भाकरी मागितलीच म्हणायची.